गेट उघडलं की कुत्रा बाहेर पळतो, सवय कशी मोडायची?

उंबरठा

नमस्कार मंडळी. मोत्या, देशी, नर, वय दोन वर्षं, वजन १८ किलो. नसबंदी केलेली नाही. घर कराडच्या बाहेर, हायवेपासून फार लांब नाही. पुढे अंगण, साडेचार फुटी कंपाउंड, दोन झडपांचं लोखंडी गेट. आठवड्यातून तीन-चार वेळा तो निसटतो. वेळा ठरलेल्या: सकाळी दूधवाला येतो तेव्हा, स्कूटर बाहेर काढताना, आणि संध्याकाळी मुलं क्लासहून येतात तेव्हा. भिंतीवरून उडी मारत नाही. बाहेर गेला की चिकनच्या दुकानापर्यंत जातो, तास-दीड तासाने आपला आपण परततो. हाक मारली तर पाच फुटांपर्यंत येतो, हात पुढे केला की परत पळतो. घरात 'बस' म्हटलं की बसतो. दिवसातून एकदा, सकाळी वीस मिनिटं फिरवतो. आई ६८ वर्षांच्या, गेट बहुतेक वेळा त्याच उघडतात, त्यामुळे ताकदीने धरून ठेवणं हा उपाय नाही. नेमकं काय काय आणि कुठल्या क्रमाने करावं?

पायरव

माहिती नेमकी दिलीत, त्यामुळे सांगणं सोपं झालं. क्रम असा ठेवा: आधी गेट, मग कुत्रा. शिकवायला दीड-दोन महिने लागतात. तेवढ्या काळात तो रोज निसटत राहिला तर शिकवणी फुकट जाते, कारण प्रत्येक फेरीला त्याला चिकनच्या दुकानामागे खायला मिळतं. त्याच्या हिशेबी पळणं हे पगारी काम आहे. पगार बंद होत नाही तोवर सवय सुटत नाही.

गेटच्या आत दुसरं, छोटं फाटक करून घ्या. गावातला वेल्डिंगवाला एक इंची अँगलची चौकट आणि दोन इंची वेल्डमेश जाळी लावून एका दिवसात करून देतो. उंची निदान चार फूट. हे फाटक आतल्या बाजूला, म्हणजे कुत्र्याच्या दिशेने उघडणारं हवं. बाहेरच्या दिशेने उघडणारं फाटक कुत्रा छातीने ढकलून उघडतो. आत उघडणारं त्याने ढकललं तर उलट घट्ट बसतं. आपोआप बंद होण्यासाठी स्प्रिंग लावा आणि कडी वरच्या टोकाला ठेवा. दोन्हींच्या मध्ये पाच फूट जागा सोडा, म्हणजे आई पिशवी घेऊन त्यात उभ्या राहू शकतील. नियम एकच: एक फाटक बंद झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. पाहुण्यांना कळावं म्हणून बाहेरच्या गेटवर मोठ्या अक्षरांत पाटी लावा.

स्कूटरला हे पुरत नाही, कारण तेव्हा मोठं गेट पूर्ण उघडावं लागतं. म्हणून स्कूटरची किल्ली हातात घेण्याआधी मोत्या घरात आणि दार बंद. रोज, न चुकता. त्या वेळी आत त्याला चघळायला काहीतरी द्या, नाहीतर स्कूटरचा आवाज म्हणजे कोंडणं असं गणित त्याच्या डोक्यात बसेल आणि तो घरात यायलाच टाळाटाळ करील.

गेटच्या खालची फट मोजा. सडपातळ देशी कुत्र्याचं डोकं जिथून जातं तिथून बहुतेक वेळा अंगही जातं. तीन इंचांपेक्षा जास्त असेल तर खाली एक पट्टी वेल्ड करून घ्या.

कानोसा

पायरव यांच्याशी पूर्ण सहमत. आता गेटवरची शिकवणी.

मोत्याला गेट दिसून फरक पडत नाही, कडीच्या आवाजाने पडतो. नीट बघा: कडी वाजली की कान पुढे येतात, शेपूट ताठ होते, वजन मागच्या पायांवर जातं आणि नाक फटीच्या रेषेत येतं. हे सगळं एका सेकंदात घडतं. 'बस' म्हणायची वेळ त्याच्या आधीची आहे. मागच्या पायांवर वजन गेल्यावर कितीही ओरडलात तरी ऐकू जात नाही.

म्हणून आधी कडीच्या आवाजातला अर्थ काढून घ्यायचा. पहिले चार-पाच दिवस गेट न उघडता दिवसातून वीसदा कडी वाजवा. वाजली की लगेच खाण्याचा एक तुकडा, गेटपासून सहा फूट आत, जमिनीवर टाकायचा. तिथे एक जुनं पायपुसणं किंवा गोणपाट घाला, तुकडा कायम त्याच्यावरच पडू द्या. पाचव्या-सहाव्या दिवशी कडी वाजताच तो आपणहून गोणपाटाकडे वळताना दिसेल. दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पुढच्या पायऱ्या, मोत्या या सगळ्या वेळी पट्ट्यावर आणि पट्ट्याचं दुसरं टोक घरच्या दुसऱ्या माणसाच्या हातात:

गोणपाटावर 'बस', कडी काढा, लावा, तुकडा. मग गेट दोन इंच उघडा, बंद करा, तुकडा. मग सहा इंच, मग एक फूट, मग पूर्ण. मग पूर्ण उघडून पाच सेकंद थांबा, मग दहा, मग अर्धा मिनिट. मग तुम्ही बाहेर पाऊल टाकून परत या. मग घरातलं कुणीतरी बाहेरून आत चालत येऊ दे. प्रत्येक पायरीला दहापैकी आठ वेळा तो बसून राहिला तरच पुढची. दहापैकी पाच किंवा कमी झालं तर एक पायरी मागे या, त्यात काही वाईट नाही. तो उठला तर रागवायचं नाही, गेट बंद करायचं. उठलं की गेट बंद, बसलं की उघडतं, एवढंच त्याला कळायला हवं. बंद करताना नाक आणि पंजा सांभाळा, लोखंडी गेटमध्ये बोट सापडलं तर पुढचा महिनाभर तो गेटजवळ यायला घाबरेल.

एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. जास्त ताणलं की चुका वाढतात.

बाहेर जायचा एकच शब्द ठेवा, समजा 'चल'. तो फक्त पट्टा लावलेला असतानाच म्हणायचा. मोकळ्या कुत्र्याला गेटमधून 'चल' कधीच नाही, अगदी दोन मिनिटं समोरच्या मोकळ्या जागेत न्यायचं असलं तरी. एका अपवादाने आठवडाभराचं काम बुडतं.

खुरपं

आमच्या भागात पळणाऱ्या जनावराच्या गळ्यात लोढणं अडकवतात, कुत्र्यालाही लाकडाचा ओंडका बांधतात. त्याने धावता येत नाही, लांब जात नाही. दोन फुटांच्या साखळीवर बांधून ठेवलं तरी प्रश्न मिटतो. इतका खटाटोप कशाला?

कानोसा

@खुरपं, लोढणं पुढच्या पायांच्या नळ्यांवर आदळत राहतं. आठवड्याभरात सूज येते, कातडी सोलवटते, आणि मानेच्या एका बाजूला ओढ राहून तिथले केस जातात. हायवेवर गेलेल्या कुत्र्याला लोढणं अडकलं तर त्याला बाजूला उडी मारता येत नाही. भटक्या कुत्र्यांच्या टोळीने घेरलं तर सुटताही येत नाही. लांब जाणं थांबतं, धोका वाढतो.

साखळीचं म्हणाल तर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा बघा. कलम ११(१)(च), इंग्रजी प्रतीत (एफ), अवाजवी आखूड किंवा जड साखळीवर अवाजवी काळ बांधणं हा गुन्हा ठरवतं. त्याच्या पुढचं (जी) सांगतं की कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कायम बांधलेला कुत्रा सुटला की जास्त लांब जातो, आणि गेटवर येणाऱ्या माणसावर धावून जायला शिकतो. आई दूध घ्यायला गेल्यावर हा त्रास आणखी वाढेल.

हिरवा चाफा

हाकेचं राहिलं. उंबरठा, पाच फुटांवर येऊन पळणं हे पकडापकडीचं लक्षण आहे. हाकेला आलं की पट्टा धरला जातो, मग आत नेऊन कोंडलं जातं, मग बोलणी बसतात, हे त्याला पाठ झालंय. हाक खराब झाली आहे. 'मोत्या ये' हा शब्द आता सोडून द्या. नवा शब्द घ्या, समजा 'इकडे', किंवा शिटी. शिटीचा फायदा असा की आई, तुम्ही, मुलं, कुणीही वाजवली तरी आवाज तोच राहतो आणि रागही त्यात उतरत नाही.

तुकडे: उकडलेलं चिकन, मीठ, कांदा, लसूण न घालता, हाडं काढून. किंवा पनीर. वाटाण्याएवढे. शंभर ग्रॅम चिकनचे असे शंभरेक तुकडे होतात, म्हणजे तीनेक दिवसांची शिकवणी. तेवढं संध्याकाळच्या जेवणातून कमी करा. मनुका आणि चॉकलेट नको, दोन्ही कुत्र्याला विषारी. हे चिकन फक्त हाकेला. एरवी चपाती किंवा त्याचं नेहमीचं खाणं. चिकनच्या दुकानाशी स्पर्धा आहे, तिथे बिस्किटाने भागत नाही.

पहिले तीन दिवस घरातच. तो तुमच्यासमोर उभा, 'इकडे' म्हणा, एका सेकंदात तुकडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. त्याला काही करायचं नाही, शब्दाला चव लावायची. मग दोन मीटरवरून, मग दुसऱ्या खोलीतून, मग अंगणात फाटकं बंद असताना. एकदाच हाक मारायची. तीन-चारदा मारली की चौथ्या हाकेला यायचं असतं असं तो शिकतो.

आता ती पाच फुटांची गोष्ट, कारण तुमचं घोडं तिथेच अडलंय. तो आला की हात वरून डोक्याकडे नेऊ नका. अंग थोडं तिरकं करून बसा, एका हातात तुकडा अगदी गुडघ्याशी धरा, म्हणजे त्याला पूर्ण जवळ यावं लागेल. दुसरा हात हनुवटीच्या खालून पट्ट्याला लावा, मग तुकडा सोडा. क्रम महत्त्वाचा: आधी हात, मग तुकडा. उलट केलंत तर तुकडा उचलून पळायला शिकेल. सुरुवातीला नुसता बोटाचा स्पर्श, दोन-तीन दिवसांनी दोन बोटं पट्ट्यात, मग दोन सेकंद धरणं. आणि धरलं की लगेच सोडून 'जा' म्हणा. दहापैकी नऊ वेळा हाकेला आल्यावर परत मोकळं सोडायचं, एकदाच आत न्यायचं. मग हाक म्हणजे खेळ संपला, हे गणित मोडतं.

आंघोळ, नखं, औषध यासाठी या शब्दाने कधीच बोलावू नका. त्यासाठी तुम्ही उठून जा.

बाहेरच्या सरावाला लांब दोरी. हार्डवेअरच्या दुकानातली ८ मिलीमीटरची नायलॉन दोरी, १० मीटर, एका टोकाला फिरता हुक. दुसऱ्या टोकाला फास ठेवू नका, दगडात किंवा बाभळीत अडकतो. दर दोन मीटरवर एक गाठ मारा, म्हणजे दोरीवर पाय ठेवला की गाठीशी थांबते. हुक हार्नेसच्या, म्हणजे छाती-पाठीभोवती घालायच्या पट्ट्यांच्या, पाठीवरच्या कडीत लावायचा. गळ्याच्या पट्ट्यात नाही. १८ किलोचा कुत्रा दहा मीटर धावत जाऊन गळ्यावर झटका खाल्ला तर श्वासनळीला आणि मानेला इजा होऊ शकते. हातात मोजे घाला, नायलॉन हातातून सरकलं तर कातडी जाते. आणि दोरी हाताला गुंडाळू नका.

दोरीने ओढून आणायचं नसतं. हाक मारली, आला नाही, तर दोरीवर पाय ठेवून त्याला पुढे जाऊ देऊ नका आणि तुम्ही उलट दिशेने चार पावलं मागे पळा. बहुतेक कुत्री मागे येतात. आला की तुकडा. रोज एक वेळ पंधरा मिनिटं, आधी रिकामं मैदान, मग जिथे लांबवर माणसं दिसतात, सगळ्यात शेवटी जिथे दुसरी कुत्री असतात. दोरी सोडायची घाई करू नका. महिनाभर दहापैकी नऊ वेळा एका हाकेला आला तरच, आणि तेही कुंपण असलेल्या जागेतच. हायवेजवळ मोकळा कुत्रा नकोच, कितीही शिकलेला असला तरी.

उंबरठा

खूप उपयोगी. दोन शंका. एक, नसबंदीने पळणं थांबेल का? दोन, दिवाळीत फटाक्यांना तो फार घाबरतो, तेव्हा आत्ता शिकवलेलं टिकेल का?

जनावरांचा दवाखाना

नसबंदीचं आधी. नर कुत्रा माजावर आलेल्या मादीच्या वासाने निघतो तेव्हा ते पळणं नसबंदीने बऱ्याच कुत्र्यांत कमी होतं. भाद्रपदात कुत्री चेकाळतात हे आपल्याकडचं जुनं निरीक्षण खोटं नाही. मोकाट कुत्र्यांत माजाचा जोर पावसाळा सरता सरता वाढतो, आणि मादीचा माज साधारण तीन आठवडे टिकतो. त्या दिवसांत तुमच्या मोत्याचं पळणं वाढतं का, आणि बाहेरून येताना तो उपाशी आणि दमलेला येतो का, हे बघा. तसं असेल तर नसबंदीचा फायदा ठळक दिसेल.

पण तुम्ही लिहिलंय की तो चिकनच्या दुकानापर्यंत जातो. ती भुकेची आणि सवयीची वाट आहे, ती नसबंदीने बदलत नाही. तरी नसबंदी करावी असंच सांगेन, मादीमागे जाणं आणि त्यातली मारामारी हा वेगळा धोका टळतो. शस्त्रक्रियेआधी रक्त तपासून घ्या, नंतर दहा-चौदा दिवस धावणं आणि टाक्यांना चाटणं बंद, त्यासाठी गळ्यात कोन लावतात. फरक लगेच दिसत नाही, काही आठवडे द्या. त्यातला पहिला महिना त्याला मादीजवळ सोडू नका, तेवढ्या काळात पिल्लं होऊ शकतात.

दिवाळीचं वेगळं. भीतीने पळणारा कुत्रा तुमची हाक ऐकतो, पण त्या क्षणी त्याचा खाण्यात जीव नसतो. शिकवणी तिथे टिकत नाही, आणि ही तुमची किंवा त्याची चूक नाही. त्यासाठी तयारी दोन-तीन महिने आधीपासून: मोबाइलवर फटाक्यांचा आवाज इतका हळू लावायचा की कान हलला पण तो खातच राहिला, मग काही दिवसांच्या अंतराने थोडा थोडा वाढवायचा. खाणं थांबलं म्हणजे आवाज जास्त झाला, लगेच कमी करा.

दिवाळीच्या आठवड्यात संध्याकाळचं फिरणं अंधार पडण्याआधी आटपा. आतली, कमीत कमी खिडक्यांची खोली, पडदे ओढलेले, पंखा किंवा टीव्ही चालू, पलंगाखाली जायचं असेल तर जाऊ दे. ओढून बाहेर काढू नका. जवळ येऊन बसला तर कुरवाळा, कुरवाळल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे. फार घाबरत असेल तर औषध मिळतं, पण ते डॉक्टरांकडून वजन बघून, आणि एक चाचणीचा डोस सणाच्या आधी देऊन. घरातली माणसांची झोपेची गोळी कधीही नको. काही औषधांनी कुत्रा नुसता लुळा पडतो, भीती मात्र आत तशीच राहते, म्हणून 'भीतीवरचं औषध हवंय' असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आणि मायक्रोचिप बसवून घ्या. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी असते, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने बसवतात, १५ अंकी क्रमांक असतो. तिच्यात जीपीएस नसतं, कुत्रा कुठे आहे ते ती सांगत नाही. सापडलेल्या कुत्र्याचा मालक कोण ते स्कॅनरने कळतं, तेही क्रमांकापुढे तुमचा चालू फोन नोंदवलेला असेल तरच. म्हणून पट्ट्यावर स्टीलची पट्टी हवीच, दोन फोन नंबर कोरलेली. स्कॅनर सगळीकडे नसतो, नंबर कुणीही वाचतो.

बाहेरून आला की अंगावर हात फिरवून बघा, विशेषतः मान, काख, मागच्या मांड्यांची आतली बाजू. दातांची भोकं केसांत दिसत नाहीत. चावा आढळला तर हातमोजे घालून साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दाखवा. रेबीजची लस दरवर्षी घेतलेली असली तरी.

पायरव

एक महत्त्वाचं राहिलं: तो बाहेर निसटलाच तर काय करायचं.

मागे पळायचं नाही. तुमच्या पावलांचा आवाज त्याला शर्यतीसारखा वाटतो, आणि हायवेच्या दिशेने असेल तर तुम्हीच त्याला तिकडे ढकलता. त्याला दिसेल असं थांबा, उलट वळा, घराच्या दिशेने पळा आणि शिटी वाजवा. दोन-तीनदा करूनही आला नाही तर जमिनीवर बसा, पाठ अर्धी त्याच्याकडे, आणि तुकडे स्वतःभोवती टाकत राहा. जवळ आला तरी झडप घालू नका, दोन-तीन तुकडे खाऊ द्या, मग हनुवटीखालून पट्टा. आला की रागवायचं नाही, तास झाला असला तरी. रागावलात तर त्याच्या हिशेबी परत येणं महागात पडलं.

मोत्या आपणहून परततो हे चांगलं आहे, म्हणून गेट अर्धं उघडं ठेवून त्याचं अंथरूण आत दिसेल असं टाका. चिकनच्या दुकानदारालाही सांगून ठेवा: काही टाकू नका, पण फोन करा. हे फार कामाचं आहे, वाट बंद करण्यासारखंच.

आणि वीस मिनिटांचं फिरणं दोन वर्षांच्या देशी कुत्र्याला पुरत नाही. सकाळ-संध्याकाळ चाळीस-चाळीस मिनिटं करा, त्यातली निम्मी त्याच्या मनाने वास घेत, पट्टा सैल सोडून. वासात डोकं दमतं, नुसत्या चालण्यात पाय दमतात. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी डांबर निवल्यावर. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सहा सेकंद ठेवता आली तरच निघा.

उंबरठा

वेल्डिंगवाल्याला उद्या बोलावतो. आईंसाठी एक प्रश्न. दूधवाला सहाला येतो, तेव्हा घरात बाकी कुणी उठलेलं नसतं. आतलं फाटक होईपर्यंत काय करू? आणि आई शिकवणीत भाग कसा घेतील? खाली वाकता येत नाही त्यांना.

कानोसा

दुधासाठी एक रिकामी पिशवी गेटला बाहेरून हुकाला लावा, दूधवाला तिच्यात दूध टाकून जाईल, गेट उघडायचंच नाही. पिशवी आत घ्यायला गेटच्या बाहेर हात घालता येईल अशा जागी हुक लावा. फाटक होईपर्यंत रात्री मोत्या घरातच झोपू दे, सहानंतर तुम्ही उठल्यावर अंगणात.

आईंना वाकायची गरज नाही. गोणपाट सहा फूट आत असतंच, त्यांनी कडी वाजवली की तुकडा तिथे फेकायचा. गेटजवळ भिंतीला एक झाकणाचा डबा खिळा ठोकून टांगा, त्यात चपातीचे तुकडे, म्हणजे रोज आत जाऊन आणायला नको. त्यांच्यासमोर पहिले आठ दिवस पट्टा तुमच्या हातात असू द्या. त्यांनी एकटीने पूर्ण गेट उघडायची पायरी सगळ्यात शेवटची ठेवा, आणि तेव्हाही आतलं फाटक बंद.

हिरवा चाफा

दोरीबद्दल एक. दर रविवारी हुकाजवळचा एक फूटभर भाग बोटांनी चाचपून बघा. तिथेच झिजते. धागे उसवलेले किंवा कडक झालेले लागले तर तेवढा भाग कापून टाका, कापलेलं टोक मेणबत्तीवर वितळवून बंद करा आणि हुक नव्याने बांधा. हार्नेसच्या शिवणीही त्याच वेळी बघा, आणि गळ्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातात ना, तेही. हिवाळ्यात केस दाट होतात, उन्हाळ्यात गळतात, तेव्हा तोच पट्टा सैल होऊन डोक्यावरून निघतो.